माहिती जतन झाली

धम्मपालचा फोन आला तेव्हा वेदिका मांडीवर नुकती कुठे डोळे मिटत होती. फोन थरथरला तसे ते डोळे पुन्हा टक्क उघडले. आठ महिन्यांच्या पोरीला झोपवायला पाऊण तास लागतो आणि उठवायला एक फोन पुरतो. उज्वलाने तिला खांद्यावर टाकलं, पाठ थोपटत थोपटतच फोन घेतला.

"हरसूलचं पुन्हा आलंय," धम्मपाल म्हणाला. "रविराज सर जाम वैतागलेत. त्यांना आपल्या लेटरहेडवर दोन ओळी हव्यात. सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही, एवढंच. गुरुवारपर्यंत दे."

"आणि दिल्यावर?"

"दिल्यावर काय, ती मुलगी जाईल. आबिदा. एक लेखी ताकीद आधीच हातात आहे तिच्या. आता आपलं पत्र आलं की घरी."

धम्मपालचं ऑफिस म्हणजे गंगापूर रोडला एका मेडिकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि पाच माणसं. उज्वला तिथे चार वर्षं होती. बाळंतपणाच्या रजेवरून परत येऊन अजून महिना व्हायचा होता. सध्या ती घरूनच काम करायची, म्हणजे वेदिका झोपली की करायची.

आणि हरसूलचं म्हणजे तिचंच काम होतं. आयाबायांसाठी आणि लहान मुलांसाठी केंद्रं चालवणारी एक संस्था होती. हरसूल, पेठ, दिंडोरी अशी तीन केंद्रं. बाळ जन्मलं की त्याची नोंद करायची, मग लसीच्या प्रत्येक डोसाला ती नोंद उघडून तारीख भरायची. हा सगळा प्रोग्रॅम उज्वलाने एकटीने लिहिला होता, आठव्या महिन्याचं पोट टेबलाला टेकवून. हरसूलला नेटवर्क आत्ता असतं, आत्ता नसतं. म्हणून सगळं केंद्रातल्याच कॉम्प्युटरवर ठेवलं होतं. एक नोंदणीच्या टेबलावर, एक नर्सच्या खोलीत, दोन्ही एका वायरने जोडलेले. दर शुक्रवारी तिथली फाइल नाशिकला यायची. नाशिकला त्यातून राहिलेल्या बाळांची यादी निघायची आणि ती यादी घेऊन कार्यकर्ती घरोघर जायची.

तीन महिन्यांपूर्वी या याद्या सुरू झाल्या, तेव्हापासून हरसूलच्या यादीत अशी बाळं येत होती, ज्यांना डोस वेळेवर दिलेला होता. आईच्या हातातल्या कार्डावर नर्सची सही, तारीख, सगळं असायचं. कॉम्प्युटरमध्ये मात्र काही नसायचं. कार्यकर्ती डोंगर चढून जायची, आईला बोलून यायची, आणि आईने कार्ड पुढे केलं की तोंड पाडून उतरायची. पेठला असं होत नव्हतं, दिंडोरीलाही नाही. प्रोग्रॅम तिन्हीकडे एकच. मग उरलं काय, तर हरसूलला कॉम्प्युटरवर बसणारी आबिदा. ती भरत नाही आणि भरलं म्हणून सांगते, असं रविराज सरांनी ठरवून टाकलं होतं. ते या तिन्ही केंद्रांचे प्रमुख होते.

वेदिका दुपारी दीडला झोपली. उज्वलाने लॅपटॉप उघडला आणि पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवली. प्रोग्रॅमची परीक्षा घ्यायला तिने कधीकाळी दहा खोटी बाळं तयार केली होती, ती तिथेच होती. त्यांच्याकडे पाहून तिला हसू आलं. पोटात मूल असताना केलेली बाळं ती. दहाही जणांची नावं हौसेने ठेवलेली, चौथीचं नाव चक्क वेदिका. सगळ्यांची वजनं तीन किलोच्या आसपास, सगळ्यांच्या तारखा जागच्या जागी. एकही बाळ अपुरं नव्हतं.

तिने एकेकाची नोंद उघडून डोसाची तारीख भरली, जतनचं बटण दाबलं. खाली हिरव्या अक्षरांत ओळ उमटली: माहिती जतन झाली. बंद करून पुन्हा उघडलं. दहाही तारखा होत्या. दोन्ही कॉम्प्युटरवरून एकदम उघडल्यासारखं करून पाहिलं. तेही बरोबर चाललं.

मग तिने पत्र लिहायला घेतलं. "सदर प्रणालीची तपासणी केली असता कोणताही दोष आढळून आला नाही." पुढे नाव, हुद्दा, सहीची जागा. दोन ओळींचं काम दोन मिनिटांत झालं, आणि झालं तशी ती पाळण्याची दोरी हलवत नुसती बसून राहिली. तिने प्रोग्रॅमला दहा वेळा विचारलं होतं. त्या मुलीला एकदाही नाही.

फोन चौथ्या खेपेला लागला.

"बोला मॅडम," पलीकडून आवाज आला. "सही मागायला फोन केला का?"

"कसली सही?"

"मला वाटलं दुसरी ताकीद आली."

"तसं नाही. मी उज्वला. हा प्रोग्रॅम मी लिहिलाय. तुम्ही भरता तेव्हा नेमकं काय दिसतं तुम्हाला?"

मग आबिदा म्हणाली, "हिरवी अक्षरं दिसतात. माहिती जतन झाली. मी भरते, ते येतं, मी उठते. सकाळी बघते तर नाही. सगळी नाही जात. काही राहतात, काही जातात. सरांना सांगितलं तर सर म्हणाले, मशीन काय तुझ्याशी दुश्मनी धरून आहे का?" मग जरा थांबून, "अब्बूंना मी अजून सांगितलं नाही ताकिदीचं. त्यांना वाटतं पोरगी केंद्रात साहेब आहे."

उज्वलाने पत्र तसंच ठेवून लॅपटॉप मिटला.

"मी उद्या येते," ती म्हणाली.

संध्याकाळी हे ऐकून भागुबाई, म्हणजे तिची सासू, भाजी निवडता निवडता थांबली. भागुबाईचं आयुष्य दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत गेलेलं. नातीसाठी म्हणून वर्षभर शहरात राहायला आली होती.

"त्या डब्यात इथं बसून दिसत नाय का?"

"दिसत नाहीये ना, आई."

"आन पोरीला?"

"घेऊन जाते."

"घेऊन जाते म्हने. एका हातानं पोर, एका हातानं डबा, आन एसटीला काय दातानं धरशील?" भागुबाईने मेथीची जुडी बाजूला सारली. "म्या येते. लय दिस झाले, कुठं गेले नाय."

बुधवारी सकाळच्या एसटीने तिघी निघाल्या. त्र्यंबक मागे पडल्यावर वळणं सुरू झाली आणि वेदिका आजीच्या पदराची गाठ चोखत झोपून गेली. उज्वलाला वाटेत दोनदा वाटलं, आपण उगीच चाललोय. तिथे जाऊन दिसलं की मुलगी खरंच आळशी आहे, तर परतीच्या वाटेवर ते पत्र जास्तच जड होईल.

केंद्र तीन खोल्यांचं होतं, पुढे ओटा. ओट्यावर लेकुरवाळ्या बायका रांग धरून बसल्या होत्या. आबिदा दारातच उभी होती. तेवीस-चोवीसची असेल, ओढणी पिनांनी घट्ट लावलेली, हातात शाळेतली शंभर पानी वही. तिने आधी वेदिकाकडे पाहिलं, मग उज्वलाकडे, आणि चेहरा जरासा सैल झाला.

"बाळाला घेऊन आलात?"

"घरी ठेवून येता येत नाही अजून."

"बसा. तुमच्यासमोरच करते. मी सांगून काही उपयोग नाही."

भागुबाई नातीला घेऊन ओट्यावर बायकांत जाऊन बसली. आबिदाने कॉम्प्युटर चालू केला. कालच डोस घेऊन गेलेल्या एका बाळाची नोंद तिने उघडली, तारीख भरली, बटण दाबलं. हिरवी ओळ आली. तिने प्रोग्रॅम बंद केला आणि पुन्हा उघडला.

तारीख तिथेच होती.

आबिदा पडद्याकडे बघत राहिली. "आता तुम्ही म्हणणार, चालतंय की."

"मी काही म्हटलं नाही. दुसरं उघडा."

दुसरं राहिलं. तिसरंही राहिलं. चौथ्या बाळाची तारीख तिने फार हळू भरली, एकेक आकडा मोजून ठेवल्यासारखा. हिरवी ओळ आली. बंद केलं, उघडलं. तारखेची जागा कोरी होती.

"बघितलं?" ती म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. "बघितलं ना तुम्ही?"

"बघितलं."

"परत एकदा सांगा."

"बघितलं मी, आबिदा. तुम्ही भरलं, त्याने झालं म्हटलं, आणि झालं नाही."

आबिदाने तोंड दुसरीकडे वळवलं. ओढणीच्या टोकाने डोळे टिपून वळली, तेव्हा तिने वही पुढे सरकवली. ताकीद मिळाली त्या दिवसापासून तिने लिहायला सुरुवात केली होती. प्रत्येक बाळ, त्याच्या आईचं नाव, किती वाजता भरलं, पुढे "हिरवं". शेवटच्या रकान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून पाहिल्यावरची खूण. राहिलं तर बरोबरची, गेलं तर फुली. तीन आठवड्यांत सतरा फुल्या होत्या. उज्वला पानं उलटत गेली. तिने स्वतःच्या प्रोग्रॅमची इतक्या निगुतीने परीक्षा कधीच घेतली नव्हती.

सतरा जणांत सारखं काय? तिने वार पाहिले, वेगवेगळे. सकाळ-दुपार पाहिली, दोन्ही होत्या. नर्सच्या खोलीतला कॉम्प्युटर बंद करून पाहिला, तरी तेच. गावं वेगळी, पाडे वेगळे, मुलगे होते, मुली होत्या. मग ती सतरा नोंदी एकामागून एक नुसत्या उघडून बघत बसली. खिडकीतून ओट्यावरचं बोलणं आत येत होतं. भागुबाईला बोलायला माणूस मिळालं होतं.

"जन्मलं तवा केवढं होतं गं तुझं?"

"कोनं तोललं?" एक बाई म्हणाली. तिचं नाव नवसाबाई, डोंगराच्या अंगच्या पाड्यावरची. कार्यकर्ती दोनदा घरी येऊन ओरडून गेली म्हणून ती कार्ड दाखवायला आली होती. "आमची सासू काट्याव ठेवू देत नाय. म्हने, पाचवी पुजल्याबिगर पोर तोलायचं नाय, नदर लागती. मंग सव्वा महिना भायेर नाय काढलं. आली तवा हे एवढं झालेलं."

"आमच्यात बी तसंच," भागुबाई म्हणाली. "पन हिला नाशकाला दवाखान्यात रडायच्या आत तोललं. म्या नुसती बघत ऱ्हायली. जिनसा हायेत का त्या, म्हनलं."

आतल्या खोलीत उज्वलाचा हात थांबला. समोर नवसाबाईच्याच बाळाची नोंद उघडी होती. जन्माची तारीख होती, गाव होतं, आईचं नाव होतं. जन्माच्या वजनाचा रकाना कोरा. तिने मागची नोंद उघडली. कोरा. त्याच्या मागची. कोरा. सतराच्या सतरा.

"आबिदा, यांची वजनं?"

"नाहीत." आबिदा लगेच सावध झाली. "घरी जन्मलेली बाळं आहेत ती. त्या बाजूच्या काही घरांत पाचवीच्या आधी तोलत नाहीत, नर्सबाई घरी गेल्या तरी नाही. दिंडोरीची बाळं बहुतेक दवाखान्यातली, तोललेली. मी इथे जन्माचं वजन कुठून आणू? पेठची मुलगी म्हणाली होती, अडीच टाकून दे, सगळे टाकतात. मी नाही टाकलं."

"का?"

"डॉक्टर त्याच्यावरूनच बघतात ना, बाळ वाढतंय का नाही ते. मी अडीच टाकलं आणि बाळ पावणेदोनचं असलं तर? डॉक्टर म्हणतील, याचं वजन वाढलंच नाही. नाहीतर उलटं, खरंच हाडकलेलं असलं तर कळणारच नाही. माहीत नाही, तर माहीत नाही." ती जरा घुटमळली. "रकाना सोडायला परवानगी होती. तुमच्या प्रोग्रॅमने अडवलं नव्हतं."

"नव्हतंच अडवलं," उज्वला म्हणाली. तिने आपला लॅपटॉप उघडला. कुठे बघायचं ते आता तिला माहीत होतं.

दोन कॉम्प्युटरवर दोघी एकाच बाळाची नोंद उघडतील, एकीचं लिहिलेलं दुसरीकडून पुसलं जाईल, म्हणून तिने तेव्हा एक काळजी घेतली होती. जतन करण्याआधी प्रोग्रॅमने बघायचं, की नोंद उघडली तेव्हा प्रत्येक रकान्यात जे होतं तेच आत्ताही आहे का. असेल तरच बदल करायचा. शहाणपणाची गोष्ट होती. पण कोऱ्या रकान्याला मशीन कोरा समजत नाही, माहीत नसलेला समजतं.

"समजा, दोन बंद डबे आहेत," तिने आबिदाला सांगितलं. "दोन्हींत काय आहे ते ठाऊक नाही. तर दोन्हींत एकच जिन्नस आहे असं म्हणाल तुम्ही?"

"नाही म्हणणार. उघडल्याशिवाय कसं म्हणू?"

"मशीनही तेच म्हणतं. आधीचं वजन माहीत नाही, आत्ताचं माहीत नाही, मग दोन्ही सारखी आहेत असं मी म्हणणार नाही. आणि सारखी नाहीत म्हटल्यावर ते त्या नोंदीला हातच लावत नाही. एकही नोंद न बदलता परत येतं. त्याच्या लेखी ती चूकही नव्हे. सांगितलं तसं केलं, जुळणारी नोंद सापडली नाही, संपलं."

"मग हिरवं का येतं?"

प्रश्न अगदी साधा होता. उज्वलाने ती जागा पडद्यावर काढली. परत आल्यावर किती नोंदी बदलल्या हे मशीन सांगतं. एक की शून्य, ते विचारायचं, एवढंच. तिथे विचारलेलं नव्हतं. तिथे तिच्याच हातची टिपणी होती: "किती बदलल्या ते इथे तपासणे, नंतर." खाली तारीख होती. रजेवर जाण्याआधीच्या शेवटच्या शुक्रवारची. त्या दिवशी पाय सुजले होते, खुर्चीखाली डबा ठेवून त्यावर पाय टेकवून ती बसली होती, हे तिला लख्ख आठवलं. आणि त्या टिपणीच्या खालच्याच ओळीत, काही झालं असो वा नसो, माहिती जतन झाली.

"हिरवं मी लिहिलंय म्हणून येतं," ती म्हणाली. "काही झालं नाही तरी येईल असं लिहिलंय. चूक माझी आहे."

बाहेर कुठलंसं बाळ रडत होतं. उज्वलाला आधी वाटलं दुसऱ्या कुणाचं, मग तिचा ऊर दुधाने भरून आला आणि तिला कळलं की ती वेदिकाच आहे.

भागुबाईने नातीला आत आणून तिच्या मांडीवर दिलं. पाजता पाजताच तिने धम्मपालला फोन लावला. नेटवर्क होतं तेवढ्यात सगळं सांगून टाकलं.

"शाब्बास," धम्मपाल म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच सुटका झाल्याचा आनंद होता. "म्हणजे दोन ओळींची दुरुस्ती. करून टाक आत्ताच. मी रविराज सरांना सांगतो, नवीन आवृत्ती बसवलीय. पुढच्या शुक्रवारपासून हरसूलचे आकडे नीट यायला लागतील. ती मुलगीही टिकेल. कुणाचंच काही बिघडलं नाही."

"पण चूक कुठे होती ते?"

"ते कशाला सांगायचं? अजून चार केंद्रांचं काम यायचंय त्यांच्याकडून. तू उगीच..." पुढचं तुटलं. मग पुन्हा आवाज आला. "ऐकतेयस ना?"

उज्वला ऐकत होती. पुढच्या शुक्रवारी काय होईल तेही तिला ऐकू येत होतं. हरसूलचे आकडे नीट येतील आणि रविराज सर खुर्चीत मागे रेलून म्हणतील, बघा, ताकीद दिली तशी कशी सुतासारखी सरळ आली. ते वाईट मनाने म्हणणार नाहीत. समोर दिसेल तेच म्हणतील. आबिदाची नोकरी राहील आणि ताकीदही राहील, आणि ती खरीच होती असं दुरुस्तीने सिद्ध केलेलं असेल. अब्बूंना कुणीतरी कधीतरी सांगेलच. सतरा आयांना कार्यकर्ती बोलून गेली ते तर राहिलंच. पेठला कुणी अडीच, अडीच, अडीच भरतं आहे, तिचं सगळं जतन होतं आहे. आणि जिने माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सोडलं, तिचंच तेवढं पुसलं गेलं होतं, तेही उज्वलाच्या हाताने.

"पत्र मी लिहिणार आहे," ती म्हणाली. "वेगळं. चूक प्रोग्रॅमची होती असं. सही माझी राहील."

"शिक्का माझा लागतो," धम्मपाल म्हणाला. रागाने नाही, नुसती आठवण करून दिल्यासारखं. "ये तू ऑफिसला, बोलू." आणि फोन आपला आपणच बंद पडला.

आबिदाने सगळं ऐकलं होतं. खोली लहान होती, न ऐकून ती जाणार कुठे? ती आभार मानेल असं उज्वलाला वाटलं आणि वाटल्याची लाजही वाटली, कारण आबिदा म्हणाली, "ताकीद शिक्क्याची होती. हेही शिक्क्याचं पाहिजे. नाहीतर राहू द्या."

"शिक्क्याचंच आणेन."

"आणि सतरा बाळांचं?"

"ती आणि आजचं ते एक आत्ता बसून भरू; वहीच्या आधीची तुम्ही कार्डं येतील तशी भरा."

वेदिका पोटभर पिऊन आजीच्या कडेवर बाहेर गेली आणि उज्वलाने दुरुस्ती केली. दोन्ही डबे बंद असतील तर सारखेच धरायचे, हे मशीनला सांगितलं. एकही नोंद बदलली नसेल तर लाल अक्षरांत "माहिती जतन झाली नाही" आलं पाहिजे, हेही. दुरुस्ती दोन्ही कॉम्प्युटरवर चढवली. मग आबिदा वहीतून वाचायला लागली आणि उज्वला भरायला लागली. तीन नोंदी झाल्यावर आबिदाने तिला उठवलं.

"सरका ताई. मी भरते. तुम्हाला सवय नाही."

खरंच, तिचा हात कितीतरी भराभर चालत होता. ती नाव वाचायची, त्या बाळाबद्दल काहीतरी एक सांगायची आणि मग तारीख भरायची. हा डोस घेताना रडतच नाही, नुसता बघतो. हिच्या आईला चौथी मुलगी, पण लाड बघा कसे. नवसाबाईच्या बाळाला तिने खिडकीतून हाक मारली, ते आईच्या कडेवरून वळलं. प्रत्येक नोंद बंद करून ती पुन्हा उघडत होती. नवीन आवृत्ती आहे म्हणून तिने सतरांपैकी एकालाही सूट दिली नाही.

परतीच्या एसटीत भागुबाईने विचारलं, "घावलं का मग?"

"घावलं. माझीच चूक होती."

"मंग बरं झालं गेलीस," भागुबाई म्हणाली आणि नातीच्या डोक्यावरचं टोपडं नीट केलं. "तिथं ती पोरगी वाळून चालली व्हती."

गुरुवारी दुपारी उज्वला वेदिकाला कडेवर घेऊनच ऑफिसचा जिना चढली. धम्मपालने पत्र हातात घेतलं. बराच वेळ वाचलं. वाचताना त्याने वेदिकाला टेबलावरचा स्टेपलर दिला, मग सुचून काढून घेतला आणि पेपरवेट दिला.

"'न तपासता संदेश दाखवण्याची चूक माझी आहे. श्रीमती आबिदा यांनी सर्व नोंदी वेळेवर केल्या होत्या.'" त्याने मोठ्याने वाचलं. "इतकं सरळ?"

"दुसरं कसं लिहिणार?"

"चार केंद्रं जाऊ शकतात, उज्वला."

"माहितीये."

तो उठून खिडकीपाशी गेला, खालच्या रस्त्याकडे पाहत उभा राहिला. उज्वलाने वेदिकाच्या तोंडातून पेपरवेट काढला. तिने मनाशी ठरवलं होतं, शिक्का मिळाला नाही तर काय करायचं ते. ठरवलं होतं म्हणजे, तिथपर्यंत विचार करून ती थांबली होती.

"'माझी' काढ," धम्मपाल वळून म्हणाला. "'आमची' कर. त्या शुक्रवारी तू म्हणाली होतीस, अजून दोन दिवस दे, तपासणी राहिलीय. मीच म्हटलं होतं, नंतर बघू, आत्ता बसवून दे. माझ्या लक्षात आहे. तुझ्या नसेल, तुझे पाय तेव्हा हत्तीसारखे झाले होते."

तिच्या खरंच लक्षात नव्हतं. तिला फक्त टिपणी आठवत होती.

त्याने दुसरी प्रत काढली. शिक्क्याची शाई वाळली होती. बाटलीतल्या पाण्याचे चार थेंब टाकून त्याने पॅड चोळलं आणि शिक्का दाबून धरला. तो जरा फिकट उठला, म्हणून शेजारी आणखी एक मारला. मग तिने सही केली, खाली त्याने केली.

रविराज सरांचा शुक्रवारी फोन आला तो धम्मपालला. तो आतल्या खोलीत जाऊन बोलला. बाहेर येऊन म्हणाला, "ऐकून घेतलं. फार. पण तिन्ही केंद्रांत तपासणी करून घ्या म्हणाले, म्हणजे आहोत आपण अजून. चार केंद्रांचं काही बोलले नाहीत."

"आणि आबिदाचं?"

"बघतो म्हणाले."

शनिवार, रविवार, सोमवार 'बघतो'मध्येच गेले. मंगळवारी दुपारी वेदिका झोपलेली असताना फोन थरथरला. उज्वलाने तो झडप घालून उचलला आणि गॅलरीत गेली.

"ताई, आज सर आले होते," आबिदा म्हणाली. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता. "तुमचं पत्र माझ्या फाइलला लावलं. दोन शिक्के आहेत त्याच्यावर."

"एक फिकट उठला होता."

"मला वाटलं, दोन कशाला. बरं झालं. आणि ताकीद सरांनी फाडायला घेतली. मी म्हटलं, फाडू नका."

"का गं?"

"फाडली की संपलं ना. उद्या कुणी म्हटलं, हिला ताकीद मिळाली होती, तर मी काय दाखवू? कोरी जागा? म्हटलं, तिच्यावरच लिहा. मग त्यांनी लिहिलं आडवं, 'रद्द', आणि कारण लिहिलं, सही केली, तारीख टाकली. मग म्हणाले, आबिदा, तुझी वही मला बघायला दे. अर्धा तास बघत बसले होते."

"काय म्हणाले बघून?"

"काही नाही. चहा सांगितला. मला पण." ती हसली असावी, आवाजावरून तसं वाटलं. "संध्याकाळी अब्बूंना दाखवणार आहे दोन्ही कागद. आधी ताकीद दाखवीन, मग पत्र. जरा घाबरू देत."

उज्वलाही हसली. आत पाळणा हलल्याचा आवाज आला.

"आणि ताई, सतरांपैकी अकरा घरी कार्यकर्ती जाऊन आली, चूक आमची होती सांगून. सहा राहिलीत, पाडे लांब आहेत. मी तिला यादी करून दिलीय." मागून कुणीतरी आबिदाला हाक मारली. "येते येते, बसा दोन मिनिटं. ताई, पेठवाल्यांना तेवढं अडीचचं सांगा. ती सगळी बाळं एकाच वजनाची आहेत. डॉक्टरांना कधीतरी कळेलच, पण तोवर बाळं मोठी होतील."

"उद्याच जाते पेठला," उज्वला म्हणाली.

"बाळाला घेऊन?"

"हो. आणि सासूबाईंनाही."

"मग बरं," आबिदा म्हणाली. "त्या असल्या की बायका बोलतात."